जैविक म्हणून मारलं आणि द्राक्ष रेसिड्यूत (औषधाच्या अंशाच्या तपासणीत) फेल, तक्रार कुठं करायची?

द्राक्षकरी_तासगाव:
नमस्कार मंडळी, सव्वा एकर सुपर सोनाका जातीची द्राक्षं, प्लॉट एक्सपोर्टला नोंदवलेला. मण्यात पाणी उतरल्यावर (मणी पिकायला लागल्यावर) केमिकल पूर्ण बंद केलेलं, पण मिलीबग (पिठ्या ढेकूण) दिसली म्हणून दुकानदारानं एक जैविक दिलं, म्हणाला रेसिड्यू फ्री आहे डोळे झाकून मारा. मारलं. दोन दिवसात मिलीबग साफ, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती, जैविक इतकं झटक्यात काम करत नाही. लॅबच्या रिपोर्टात असं औषध निघालं जे मी यंदा हातातसुद्धा धरलं नाही. एक्सपोर्टवाल्यानं माल नाकारला, मग लोकलला पडेल त्या भावात दिला. बाटलीवर नुसतं 'वनस्पती अर्क', नोंदणी नंबर कुठंच नाही. जैविकाला कायदा लागतो का?

मिरजेचा_पाटील:
लागतो की. कीड मारायला म्हणून विकलं की ते १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात आलं, मग ट्रायकोडर्मा, व्हर्टिसिलियम असलं बुरशीचं औषध असो, नाहीतर निंबोळीचं. फरीदाबादच्या नोंदणी समितीकडं नोंद पाहिजे आणि लेबलवर नंबर पाहिजे. आणि बायोस्टिम्युलंट म्हणजे आपलं टॉनिक म्हणून विकलं असलं तर ते २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात घेतलंय, त्यातबी कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग) वर चालत नाही. म्हणजे दोन्हीकडनं ते सापडतंय. पक्कं बिल आहे का पण?

बेदाणा_सावळज:
शेजाऱ्याचा फवारणीचा ब्लोअर चालू होता का हे आधी बघा, वाऱ्यानं उडून आलेलं पण रिपोर्टात येतं. २०१० ला सीसीसी या वाढ रोखायच्या औषधापायी युरोपात आपली द्राक्षं अडकली तेव्हा कितीजण बसले होते डोक्याला हात लावून, तेव्हापासनं आमच्या घरात फवारणीची वही रोज लिहितात.

कृषीवाला_विटा:
फोडलेल्या बाटलीवर केस टिकत नाही हो. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या, बिल आणि रिपोर्टाची झेरॉक्स जोडा, अर्जावर पोच घ्याच. निरीक्षक दुकानातनं त्याच बॅचचा सीलबंद नमुना घेतो, तीन भाग करतो, एक दुकानदाराला, एक लॅबला, एक कोर्टासाठी. लॅबचा अहवाल ३० दिवसात यायला पाहिजे. पण लगेच जावा, आमच्याकडं माणूस येईपर्यंत त्या बॅचच्या बाटल्या दुकानातनं गायब झाल्या होत्या. सरकारनं फवारणीच्या पंपाला अनुदान देण्यापेक्षा तो पैसा निरीक्षक आणि लॅबवर घालावा असं माझं स्पष्ट मत आहे, एका माणसाच्या गळ्यात अख्खा तालुका आणि ती खत, बियाणं, औषध सगळी दुकानं, तो कुठं कुठं पुरणार. नुकसानीचं मात्र वेगळं, त्याला जिल्हा ग्राहक आयोग.

द्राक्षकरी_तासगाव:
शेजारी डाळिंब आहे, त्या आठवड्यात त्यानं काहीच मारलं नव्हतं, विचारून आलो. बिल म्हणाल तर पांढऱ्या चिठ्ठीवर नुसता आकडा लिहिलाय. पण शेडमध्ये त्याच बॅचची एक सीलबंद बाटली निघाली, उद्या सकाळी ती घेऊनच पंचायत समितीत जातो.