भाच्यासाठी 'टॉप गन'मधलं मिग-२८: दीड हजारात कुठलं किट घ्यावं?

लष्करचा_मामा (ग्वाल्हेर)
भाच्याचा बारावा वाढदिवस आहे. १९८६ चा 'टॉप गन' पाहिल्यापासून त्याला त्यातलं काळं मिग-२८ हवंय, जोडायचं प्लॅस्टिक किट. बाड्यावर, दौलतगंजात विचारलं, कुणाकडे नाही. ऑनलाइन मिग-२१ आणि २९ दिसतात, २८ नाही. बजेट गोंद-रंग धरून १५००. सोबत एक कागदही द्यायचाय: सिनेमातलं खरं काय, खोटं काय. पोरगं सगळं वहीत उतरवतं, तेव्हा नक्की असेल तेच सांगा.

टॉमकॅट_बडोदा
सिनेमात नायक उडवतो ते एफ-१४ घ्या, १:४८ मापाचं. माझ्याकडच्याचे पंख खऱ्यासारखे हलतात. खऱ्या विमानात २० पासून ६८ अंशांपर्यंत मागे जातात. पाच हजारांच्या वर गेलं, पण दिवाणखान्यात येणारा प्रत्येक जण आधी तिकडेच बघतो.

मुरारवाला
मामा, मिग-२८ नावाचं विमान कधी बनलंच नाही. सोव्हिएत मिगच्या लढाऊ विमानांना विषम आकडे असतात: १५, १७, १९, २१. सिनेमात दिसतं ते अमेरिकेचंच नॉर्थ्रॉप एफ-५, काळं रंगवलेलं. शीतयुद्ध चालू असताना खरं मिग शूटिंगला देणार कोण? सरावात शत्रू म्हणून उडवायला अमेरिकी नौदलाकडे एफ-५ होतीच. 'एफ-५ई टायगर' म्हणून शोधा, १:७२ चं बजेटमध्ये बसेल, लांबी साधारण २० सेंटीमीटर. पण काळं करू नका, खऱ्या विमानाचे रंग द्या.

डीडीनगरकर
ग्वाल्हेरात राहून अमेरिकेचं विमान कशाला? आपल्या हवाई दलाचं मिराज लढाऊ विमान घ्या! १९८५ पासून आपल्या डोक्यावरून उडतंय, २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटसाठी इथूनच गेलं. आणि हवाई दलाचं टॉप गन म्हणावं असं टॅकडी, म्हणजे हवाई लढाईचे डावपेच शिकवणारी संस्था, आपल्याच महाराजपुऱ्यात आहे. १९७१ मध्ये स्थापना, २००० पासून ग्वाल्हेरात. मुलाला आधी हे सांगा.

टॉमकॅट_बडोदा
मिराजचे पंख हलत नाहीत.

डीडीनगरकर
हलायची गरजच नाही, डेल्टा आहे, म्हणजे त्रिकोणी पंख.

सिनेमावाली_इंदूर
तुमचं चालू द्या, मी कागदाचं सांगते. टॉप गन ही अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांची शाळा खरी आहे. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिरामारला सुरू झाली, १९९६ मध्ये नेवाडातल्या फॅलनला गेली. पहिल्या नंबरची ट्रॉफी मात्र पटकथेतली, शाळेत अशी स्पर्धाच नसते. टॉम क्रूझ एफ-१४ मध्ये मागच्या सीटवर बसला. उडवत होते नौदलाचे वैमानिक. सिनेमातल्या नायिकेचं, चार्लीचं, पात्र सुचलं ते क्रिस्टीन फॉक्स यांच्यावरून. त्या नौदलासाठी काम करणाऱ्या गणितज्ञ, पुढे संरक्षण खात्यात हंगामी उपमंत्री झाल्या. आणि आर्ट शोल यांचं नाव सगळ्यात वर लिहा. कॅमेरा लावलेलं पिट्स विमान घेऊन ते गिरकीचं चित्रण करत होते. १६ सप्टेंबर १९८५ ला विमान गिरकीतून सावरलं नाही, पॅसिफिकमध्ये पडलं. ते सापडले नाहीत. सिनेमा त्यांनाच अर्पण केलाय. बाकी सगळ्या गमतीजमती त्यानंतर.

फालका_बाजार
मिग-२८ असं काही नसतं हो, ते एफ-५ आहे. आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढा. मला आलेल्या किटची काच तडकलेली होती, विकणाऱ्याने पुरावा मागितला, माझ्याकडे नव्हता. गोंद-रंग किटमध्ये बहुधा नसतात, वेगळे मागवा. पोराला गोंद खिडकीशी बसूनच वापरू द्या, वास डोक्यात जातो.

मुरारवाला
एफ-५ मी वर सांगितलंय.

लष्करचा_मामा
सगळ्यांचे आभार. १:७२ चं एफ-५ मागवलं, गोंद आणि काळा रंगही. मुरारवाले, रागावू नका, काळंच करणार आणि शेपटीवर लाल तारा. स्टँडवर 'मिग-२८' लिहिणार, कारण त्याने तेच मागितलंय. खरी ओळख कागदावर, शोल यांच्या नावाखाली. मिराज दाखवायला हवाई दल दिनाला त्याला डीडी नगरच्या गच्चीवर आणतो. डीडीनगरकर काका, याल ना त्या दिवशी?

टॉमकॅट_बडोदा
पुढच्या वाढदिवसाला तरी एफ-१४ घ्या.