सोसायटी ग्रुप: स्केटिंग क्लासचा विषय मिटलेला नाही

मृणाल (बी ४०२): नमस्कार. स्केटिंगचे ते सर, ज्यांना कमिटीने एका मुलीशी गैरवर्तनाच्या तक्रारीवरून दिवाळीनंतर बंद केलं, त्यांनी आपल्या पाठीमागच्या सोसायटीत लहान मुलांची बॅच सुरू केलीय. आज संध्याकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कमिटीने तेव्हा पोलिसांना कळवलं होतं का? हो की नाही, एवढंच सांगा.

पाटील काका (ए १०१): त्या महिन्याच्या कमिटी मीटिंगचं इतिवृत्त ग्रुपवर टाकावे.

देशमुख (सेक्रेटरी): मृणालताई, नमस्कार. विषय तेव्हाच मिटला आहे. त्यांना क्लब हाऊस देणं बंद केलं. पालकांशी बोलणं झालं होतं, गवगवा नको ही त्यांचीच इच्छा होती. ग्रुपवर नको, ऑफिसात या, बोलू.

मृणाल: म्हणजे कळवलं नाही.

शिंदे (सी २०३): ताई, सेक्रेटरीसाहेब पदरमोड करून सोसायटीचं काम बघतात. शब्द जरा जपून.

मृणाल: शिंदेसाहेब, त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे. पण तुम्हीही तेव्हा कमिटीत होतात, म्हणून प्रश्न तुम्हालाही आहे.

कुलकर्णी काकू (बी ३०४): अगं पण नक्की काय झालं ते कोणाला धड माहीत नाही. उगाच एखाद्याच्या पोटावर पाय नको.

निखिल (सी ५०१): माहीत कसं नाही काकू? सगळ्या मैदानाला माहीत होतं.

*निखिलचा पुढचा मेसेज अ‍ॅडमिनने डिलीट केला आहे.*

अ‍ॅड. वैद्य (ए ५०२): निखिल, मुलीचं नाव, विंग, शाळा, जेणेकरून ती ओळखू येईल असं काहीही इथे लिहू नकोस. पीडितेची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तीनशे लोकांच्या ग्रुपला "आपल्यातच बोलतोय" म्हणता येत नाही.

निखिल: सॉरी मॅडम. राग आला म्हणून लिहिलं.

पाटील काका: इतिवृत्त ग्रुपवर टाकावे.

देशमुख (सेक्रेटरी): पाटील काका, इतिवृत्त ऑफिसात पाहायला मिळेल. वैद्य मॅडम, आम्ही त्या माणसाला ताबडतोब काढलं. आणखी काय करायला हवं होतं? आम्ही काय पोलीस आहोत का?

अ‍ॅड. वैद्य: पोलीस नाही, म्हणूनच पोलिसांना कळवायचं असतं. सगळेच वाचतायत तर नीट लिहिते.

मुलांवरील लैंगिक अत्याचाराबाबतचा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती आहे, त्या कोणीही पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. यात आईवडील, शेजारी, डॉक्टर, वॉचमन, कमिटी सगळे आले. घडलेला गुन्हा माहीत असून कळवला नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि शिवाय दंड.

शिंदे: तो आपला नोकर नव्हता. क्लब हाऊस भाड्याने घेत होता.

अ‍ॅड. वैद्य: एक वर्षाचं कलम लागेल की नाही यावर तुम्ही कोर्टात जरूर वाद घाला. सहा महिन्यांच्या कलमात नोकर-भाडेकरू असा फरकच नाही.

जाधव (बी १०३): मग माझ्या गाडीला ओरखडा कोणी काढला ते माहीत असणारे पण आत जाणार का? 😄 दोन महिने विचारतोय.

निखिल: जाधव काका, तुम्ही गाडी व्हिजिटर पार्किंगमध्ये लावता ते पण सगळ्यांना माहीत आहे.

जाधव: माझ्या जागेवर कोणाची बुलेट असते ते आधी सांग.

मृणाल: प्लीज. आज तरी पार्किंग नको.

अ‍ॅड. वैद्य: जाधवसाहेबांनी गमतीत विचारलं, पण उत्तर देते, कारण हा घोळ पुष्कळांच्या डोक्यात असतो. प्रत्येक गुन्हा कळवायची सक्ती कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये यादी आहे: खून, दरोडा, खंडणीसाठी अपहरण, दहशतवादी कृत्य असे गंभीर गुन्हे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३९ होतं. यादीतला गुन्हा कळूनही गप्प बसलात, तर गप्प राहायला सबळ कारण होतं हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. आणि जे कळवणं कायद्याने बंधनकारक आहे ते मुद्दाम दडवलं तर न्याय संहितेचं कलम २३९ आहेच. गाडीचा ओरखडा त्यात बसत नाही. मुलांचा विषय पॉक्सोमुळे बसतो.

कुलकर्णी काकू: मग आमच्या मजल्यावर रात्री-बेरात्री जे ऐकू येतं त्याचं काय गं? सूनबाईंचा आवाज...

शिंदे: काकू, लोकांच्या घरात डोकावू नका.

कुलकर्णी काकू: डोकावत नाही शिंदे. भिंत आहे मध्ये, तरी ऐकू येतं.

अ‍ॅड. वैद्य: काकू, तिथे सक्ती नाही, मुभा आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ आहे. कोणीही त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. आधी त्या बाईंशी एकट्यात बोला. मला फोन करा, मीही येते.

पाटील काका: इतिवृत्त ग्रुपवर टाकावे. कोणत्या सदस्याने काय मत मांडले ते सभासदांना कळले पाहिजे.

देशमुख (सेक्रेटरी): काका, तक्रार करणाऱ्या पालकाचं नाव आहे त्यात. मॅडमनी आत्ताच सांगितलं ना, नाव टाकायचं नाही म्हणून?

मृणाल: म्हणजे तक्रार लेखी आली होती!

देशमुख (सेक्रेटरी): ईमेल होती. ताई, त्या आईनेच हात जोडले होते. मुलीला पोलीस स्टेशनच्या चकरा नकोत, कोर्टात उलटसुलट प्रश्न नकोत. मी तिचं ऐकू नको होतं का?

कुलकर्णी काकू: त्या माऊलीचं पण खरं आहे हो. पोरीचं नाव झालं की झालं.

अ‍ॅड. वैद्य: त्या आईची भीती खरी आहे. म्हणून तर कायद्यात सोय केलीय. मुलीला ठाण्यात बोलवायचं नसतं. जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. सुनावणी बंद दालनात होते. साक्षीच्या वेळी आरोपी मुलीसमोर येऊ द्यायचा नाही. हे तिला तेव्हा कोणी सांगितलं का? "गवगवा नको" एवढंच ऐकून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि पालकांनी नको म्हटलं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. कलम १९ मध्ये पालकांच्या परवानगीची अट नाही.

शिंदे: उद्या खोटं निघालं तर? तो माणूस आपल्यावरच केस टाकेल.

अ‍ॅड. वैद्य: तपास तुम्ही करायचा नाहीये. काय कळलं, कोणाकडून, कधी, एवढंच सांगायचं. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल कलम १९ मध्येच संरक्षण आहे. खोट्या तक्रारीची शिक्षा बदनाम करायच्या किंवा पैसे उकळायच्या हेतूने करणाऱ्याला आहे.

आणि राजुऱ्याचं प्रकरण वाचा. चंद्रपूर जिल्हा, वसतिगृहातल्या आदिवासी मुली. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवलं नाही असा आरोप होता. नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने तो आदेश फिरवला आणि सांगितलं की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, बहुतेक वेळा आरोपीला वाचवण्याचाच तो प्रयत्न असतो.

जाधव: बाप रे. मग सगळ्यांनी हे चॅट डिलीट करा ना. आणि ती ईमेल पण.

अ‍ॅड. वैद्य: अजिबात नाही!! जाधवसाहेब, गुन्हेगार वाचावा म्हणून पुरावा नाहीसा करणं हे न्याय संहितेचं कलम २३८ आहे, आणि मूळ गुन्हा मोठा असेल तर त्याची शिक्षा न कळवण्यापेक्षा कितीतरी जास्त. मुलीची ओळख सांगणारा मेसेज काढला ते बरोबर. बाकी ईमेल, गेटचं रजिस्टर, कॅमेऱ्याचं फुटेज असेल ते, कशालाही हात लावू नका.

जाधव: मी आपलं सहज म्हटलं.

मृणाल: मला कोणाला आत टाकायचं नाहीये. आज त्या बॅचमध्ये सात-आठ वर्षांची पोरं होती. त्यांच्या आयांना कोणी काही सांगितलेलं नाही, कारण आपण "मिटवलं". उद्या तिथे काही झालं तर देशमुख, तुम्ही, मी, हा ग्रुप वाचणारे आपण सगळे कोणत्या तोंडाने त्यांच्यासमोर उभे राहणार?

शिंदे: तुम्ही मघापासून माझ्यावर रोख ठेवलाय म्हणून सांगतो. त्याला क्लब हाऊस मीच मिळवून दिलं होतं. माझ्या मेहुण्याच्या ओळखीचा. म्हणून बोलत नव्हतो.

मृणाल: मग तुमचा जबाब सगळ्यात उपयोगी पडेल.

देशमुख (सेक्रेटरी): उद्या सकाळी दहा वाजता मी पोलीस स्टेशनला जातो. वैद्य मॅडम, तुम्ही याल का बरोबर? मला एकट्याला धीर होत नाही.

अ‍ॅड. वैद्य: येते. आज रात्री मी आणि मृणाल त्या आईला भेटतो, आपण काय करतोय ते तिला आधी कळायला हवं. तिला मदत लागली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. देशमुख, ईमेलची प्रिंट आणि इतिवृत्ताची प्रत घ्या. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, तेही विचारून घेऊ. मागच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणी काही टाकू नका, त्यांच्या चेअरमनशी मी बोलेन.

शिंदे: मीपण येतो दहा वाजता.

पाटील काका: पोलिसांनी दिलेली पोच ग्रुपवर टाकावी.

अ‍ॅड. वैद्य: नाही काका. पोच फाइलला लागेल.