घोडीने संध्याकाळपासून चंदी सोडली आहे. हा पोटशूळ असेल का?

वाईकर_पागा (रात्री ९.२०)

नमस्कार. आमची काठेवाडी घोडी, रंगाने कुमैत, वय नऊ वर्षे, तीन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली आहे. आज संध्याकाळी साडेसहाला चंदीचा तोबरा (दाण्याच्या खुराकाची तोंडाला बांधायची पिशवी) लावला तेव्हा तिने दोन घास घेतले आणि तोंड फिरवले. एरवी ती तोबरा रिकामा झाल्याशिवाय मान वर करत नाही. त्यानंतर ती पुढच्या उजव्या पायाने जमीन उकरू लागली, मधूनमधून मान वळवून आपल्या कुशीकडे पाहते, वरचा ओठ मुडपते आणि लघवीला उभी राहिल्यासारखी अंग ताणते, पण लघवी होत नाही. दोनदा बसली आणि उठली. लोळण मात्र अजून घेतलेली नाही. सकाळपासून लीद एकदाच पडली, तीही नेहमीपेक्षा कमी आणि कोरडी.

आठ दिवसांपूर्वी नाल मारताना खिळा जिव्हाळी लागल्यामुळे ती तेव्हापासून दावणीलाच बांधलेली आहे. मधल्या काळात हिरवा घास संपल्याने तिला बिनकुट्टीचा कडबा घालत आहोत. गाभण नाही. आमच्या वडिलांचे म्हणणे असे की अर्धा लिटर गोडे तेल पाजावे आणि रात्रभर चालवत ठेवावे. तालुक्याचे डॉक्टर फोन उचलत नाहीत. सकाळपर्यंत थांबणे योग्य ठरेल का? मी फार घाबरलो आहे. कृपया जाणकारांनी लवकर लिहावे.

डॉ_अश्ववैद्य (रात्री ९.३४)

मी पशुवैद्यक आहे आणि बरीच वर्षे घोड्यांवर उपचार करत आहे. आपण सांगितलेली लक्षणे पोटशूळाचीच आहेत असे धरून चालावे आणि सकाळपर्यंत थांबू नये. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर आत्ताच फोन करून नोंद करा आणि तालुक्याबाहेरच्या, शक्यतो घोड्यांची सवय असलेल्या डॉक्टरांनाही गाठा. आपल्याला शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही. गरज पडल्यास तिथे नेता यावे म्हणून घोडी चढू शकेल असा टेम्पो आणि चालक आजच सांगून ठेवा.

तेल तोंडाने अजिबात पाजू नका. हे मी आग्रहाने सांगतो, कारण मान वर धरून बाटलीने पाजलेले तेल श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून होणारा न्यूमोनिया पोटशूळातून वाचलेल्या जनावरालाही घेऊन जातो. तेल किंवा पाणी द्यायचेच असेल तर ते नाकातून जठरापर्यंत नळी घालून, आणि नळी नेमकी जठरातच गेली आहे याची खात्री करून, डॉक्टरच देतील. त्या नळीचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. घोड्याला उलटी करता येत नाही. पुढे वाट अडली की साचलेले पाणी आणि वायू जठरातच कोंडतात आणि वेळेवर मोकळे केले नाहीत तर जठर फुटू शकते.

समोरचा कडबा आणि चंदी काढून घ्या, पाणी मात्र राहू द्या. मग मला पुढील गोष्टी पाहून कळवा. डाव्या कोपराच्या मागे छातीवर हात किंवा कान लावून हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजा. शांत उभ्या घोड्याचे ते साधारण २८ ते ४४ असतात. हिरडीचा रंग पाहा, बोटाने दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत येतो का तेही पाहा. ताप मोजा, ९९ ते १०१ फॅरनहाइट हा नेहमीचा आहे. दोन्ही कुशींना वर आणि खाली कान लावून आतड्याची गुडगुड ऐका. शेवटी, खुराच्या दुखण्यासाठी वेदनाशामक दिले असल्यास कोणते आणि किती दिवस, हे नेमके सांगा.

माथेरानचा_घोडेवाला (रात्री ९.४८)

डॉक्टरसाहेबांनी सांगितले तसे लगेच करा. आमच्याकडे खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापुढे येत नाहीत, त्यामुळे डॉक्टर पोहोचेपर्यंत ठोके मोजणे आणि ते वेळेसह लिहून ठेवणे आम्हाला शिकावेच लागले.

चालवण्याबद्दल आपल्या वडिलांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. घोडी जोरात लोळू पाहत असेल तर दहा-पंधरा मिनिटे सावकाश फिरवावी, त्याने लक्षही वळते आणि वायू असेल तर थोडा सरकतोही. पण रात्रभर फिरवून तिला थकवू नये. गप्प उभी असेल किंवा शांत पडून असेल तर तशीच राहू द्यावी. फक्त दगड, गव्हाण आणि खुंटा यांपासून दूर, मऊ जागी न्यावी.

एक गोष्ट मन घट्ट करून लिहितो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका घोड्याला असेच झाले. कोणीतरी दुखणे थांबण्याचे इंजेक्शन दिले, घोडा तासाभरात शांत झाला, आम्ही बरे वाटले असे समजून झोपलो आणि पहाटे तो गेला. आतड्याला पीळ बसलेला होता. औषधाने दुखणे झाकले, पीळ तसाच राहिला. त्या रात्री कोणी ठोके मोजले असते तर कळले असते. म्हणून घोडी शांत झाली तरी झोपू नका.

वाईकर_पागा (रात्री १०.०५)

मनापासून आभार. शिरवळच्या बाजूचे एक डॉक्टर निघाले आहेत, सव्वा तास लागेल. ठोके ५२, ताप ९९.६, हिरड्या गुलाबी पण थोड्या चिकट, रंग दोन सेकंदांत परत येतो. उजव्या कुशीत आवाज आहे, डावीकडे खाली जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. वेदनाशामकाची पूड पाच दिवस दिली होती, परवा बंद केली. हौदातले पाणी सकाळपासून फारसे उतरलेले नाही. थंडी खूप आहे.

डॉ_अश्ववैद्य (रात्री १०.१२)

आपण फार व्यवस्थित पाहिले आहे. लांबून निदान करता येत नाही, तरी आठ दिवस एका जागी बांधलेली घोडी, कोरडा जाड कडबा आणि थंडीने कमी झालेले पाणी हे सारे एकत्र आले की मोठ्या आतड्यात चारा घट्ट बसून वाट अडण्याची शक्यता वाढते. ते आतडे डाव्या बाजूने ओटीपोटापर्यंत येऊन एकदम वळते आणि तिथेच अरुंद होते, त्यामुळे अडथळा बहुतेक वेळा त्या वळणावर सापडतो. गुदद्वारातून हात घालून डॉक्टरांना तो जाणवेल. पुडीबद्दल त्यांना आल्याबरोबर सांगा, कारण त्या जातीच्या औषधांची मात्रा साचत गेली की जठर, आतडे आणि मूत्रपिंड यांना इजा होते आणि नवे इंजेक्शन ठरवताना त्यांना ते विचारात घ्यावे लागेल. घरातले कोणतेही इंजेक्शन स्वतः देऊ नका.

दर पंधरा मिनिटांनी ठोके लिहा. ते ६० च्या वर जाऊन तिथेच राहिले, हिरड्या विटकरी, जांभळट किंवा पांढुरक्या पडल्या, घाम फुटला किंवा औषधानंतरही दुखणे परत आले, तर डॉक्टरांशी बोलून थेट हलवायची तयारी करा. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर पहिल्या काही तासांत नेलेल्या घोड्याची आशा अधिक असते. हलवण्याआधी नळीने जठर रिकामे करून घ्यावे.

वाईकर_पागा (दुसऱ्या दिवशी, सकाळी ७.१०)

डॉक्टर साडेअकराला पोहोचले. आधी नळी घालून जठरातून काही उलट येते का ते पाहिले, फारसे आले नाही. हाताने तपासल्यावर डाव्या वळणावर पिठाच्या कणकेसारखा घट्ट गोळा लागला. पीळ जाणवला नाही. नळीतून कोमट पाणी आणि मॅग्नेशियम सल्फेट दिले, शिरेतून सलाइन लावले आणि पुडीचा हिशेब विचारूनच दुखण्याचे इंजेक्शन शिरेतून दिले. वडील रात्रभर कंदील घेऊन तिच्याजवळ बसले होते. ठोके दोनला ४८, चारला ४४. साडेपाचला चिकट आवरण असलेल्या चार-पाच कठीण गोळ्या पडल्या. डॉक्टर दुपारी पुन्हा नळी घालणार आहेत.

डॉ_अश्ववैद्य (सकाळी ७.४०)

वाचून फार बरे वाटले. पण या पहिल्या गोळ्या अडथळ्याच्या पलीकडच्याही असू शकतात, म्हणून चारा अजून देऊ नका. भरपूर मऊ लीद पडू लागली की आधी थोडा ओला हिरवा चारा, दिवसातून अनेकदा. कडबा आणि चंदी इतक्यात नको. पाणी कोमट करून ठेवा. खुराची परवानगी असेल तितके हाताने फिरवा.

वाईकर_पागा (तिसऱ्या दिवशी, सायंकाळी ६.३०)

काल रात्रीपासून लीद मऊ आणि नेहमीइतकी पडते आहे, ठोके ३६. कोमट पाण्याच्या दोन बादल्या तिने सलग संपवल्या. कडबा पुढे कुट्टी करून, भिजवूनच घालायचा असे ठरवले आहे. आज शेजारच्या घोड्याला तोबरा लावताना तिने आवाज ऐकून खिंकाळी दिली. वडिलांनी नुसता तिच्या मानेवरून हात फिरवला आणि मूठभर ओला घास पुढे केला.