रात्र जागून लीटकोड नको
सॉफ्टवेअर नोकरीच्या मुलाखतीसाठी लीटकोड या कोडिंग-सरावाच्या साइटवर "रोज दहा प्रॉब्लेम सोडवल्याशिवाय झोपायचं नाही" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. झोप मोडून घोकलेलं ऐन मुलाखतीत आठवत नाही. 'ब्लाइंड ७५' ही निवडक ७५ प्रॉब्लेमची यादी सुरुवातीला भरपूर झाली; त्यातले स्लायडिंग विंडो, बीएफएस-डीएफएस असे पॅटर्न, म्हणजे प्रॉब्लेम सोडवायच्या ठरावीक पद्धती, पक्के करा. अर्धा तास अडकलात तर खुशाल उत्तर बघा, पण दोन दिवसांनी तेच कोऱ्या पानावर पुन्हा लिहा. मित्राला समोर बसवून मोठ्याने बोलत सोडवा, कारण मुलाखतीत गप्प राहणं फार नडतं. नकाराचा मेल आला की त्या दिवशी लॅपटॉप बंद. आणि झोप-जेवण उडालंच असेल तर घरी सांगा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.