नागपूरजवळ हॅमॉक लावून रात्र काढायची आहे: सामान, जागा आणि सोबती

हिंगणा_नाका

नमस्कार मंडळी. डिसेंबर-जानेवारीत नागपूरपासून ६०-७० किलोमीटरच्या आत हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायच्या कापडी झोळीत, एक रात्र मुक्काम करायचा आहे. हाताशी असलेलं सामान असं: पॅराशूट नायलॉनचा हॅमॉक (२७० बाय १४० सेंमी), त्याच्यासोबत आलेल्या दोन नायलॉन दोऱ्या आणि दोन छोटे हुक. उंची १७३ सेंमी, वजन ७० किलो.

अडचणी चार आहेत. कितीही ताणून बांधला तरी पाठ वाकते आणि खांदे आवळले जातात. पहाटे खालून गार लागतं, आतमध्ये चादर दुहेरी अंथरूनही. जागा कोणती निवडावी ते कळत नाही. आणि एकट्याने जायचं नाही, तर या प्रकारात रस असलेली माणसं नागपुरात शोधायची कुठे?

सागवान_४४

भाऊ, कितीही ताणून बांधला “तरी” नाही, ताणून बांधला म्हणूनच पाठ वाकते. हॅमॉक पलंगासारखा सपाट दिसावा म्हणून ओढला की दोन्ही कडा घट्ट होतात आणि माणूस मधल्या खोबणीत जातो. त्याला झोळ द्या. झाडापासून हॅमॉकपर्यंतचा पट्टा आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करून उतरायला हवा. कोनमापक लागत नाही: पट्टा १०० सेंमी आडवा जाईपर्यंत ५८ सेंमी खाली आला की झाले ३० अंश.

हा फक्त आरामाचा मुद्दा नाही. ७० किलोचा माणूस झोपला की ३० अंशांवर प्रत्येक पट्ट्यावर ७० किलोचा ताण येतो. १५ अंशांवर तोच १३५ होतो, १० अंशांवर २००, आणि ५ अंशांवर ४०० च्या पुढे. शिवण उसवते, हुक उघडतो, बारीक झाड वाकतं ते यामुळे. आणि हा नुसत्या स्थिर वजनाचा हिशेब झाला, धपकन बसलं की ताण आणखी वाढतो.

झोळ दिल्यावर सरळ न झोपता तिरपं झोपायचं. डोकं मधल्या रेषेच्या डावीकडे, पाय उजवीकडे, किंवा उलट. तेव्हाच पाठ सपाट होते. पण इथे तुमच्या हॅमॉकची लांबी आडवी येते. १७३ सेंमी उंचीला २७० लांबी दुपारच्या डुलकीला चालेल, रात्रीला नाही. तिरपं झाल्यावर पायाची टोकं वर चढतात आणि गुडघे उलट्या बाजूला ताणले जातात. रात्रीसाठी ३३० सेंमी लांबी धरा. रुंदी १४० आहे तेवढी पुरते.

दरवेळी झोळ सारखाच यावा म्हणून हॅमॉकची दोन्ही टोकं एका न ताणणाऱ्या दोरीने जोडून ठेवतात. तिला रिजलाइन म्हणतात. तिची लांबी हॅमॉकच्या ८३ टक्के: ३३० ला २७४ सेंमी, तुमच्या २७० ला २२४. झोपल्यावर ती चिमटीत धरून थोडी वाकली पाहिजे. सतारीच्या तारेसारखी लागली तर पट्टे फार आडवे आहेत, झाडावर ते वर सरकवा आणि थोडे ढिले सोडा.

आता उंचीचं गणित. दोन झाडांत ४.५ मीटर अंतर असेल तर २७४ वजा जाता दोन्ही बाजूंना ८८-८८ सेंमी उरतात, म्हणजे पट्टा ५१ सेंमी उतरेल. हॅमॉकचा स्वतःचा झोळ ८०-८५ सेंमी. बसायची उंची ४५ सेंमी ठेवायची, खुर्चीएवढी. सगळं मिळून झाडावर साधारण १८० सेंमीवर पट्टा येतो, हात सहज पोचतो. हेच अंतर ६ मीटर झालं की पट्टा सव्वादोन मीटरवर बांधावा लागेल. म्हणून ४ ते ४.५ मीटरची जोडी शोधा.

सोबत आलेल्या दोऱ्या काढून टाका. नायलॉन वजनाने ताणतं, दवाने ओलं झालं की आणखी. रात्री ४५ सेंमीवर असलेलं अंग पहाटे जमिनीला टेकतं. शिवाय बारीक दोरी सालीत रुतते, आणि सालीच्या लगेच खाली झाडाचा जिवंत थर असतो. पॉलिएस्टरचा पट्टा घ्या, निदान २.५ सेंमी रुंद, आणि मऊ सालीच्या झाडाला ५ सेंमीचा. हुकवर १२ किलोन्यूटन किंवा जास्त असा आकडा कोरलेला असावा, म्हणजे तो साधारण १,२०० किलो झेलतो. आकडा नसलेला हुक किल्ल्यांसाठी असतो.

पानगळ

सागवान भाऊंनी कोन नीट समजावला आहे, झाडांबद्दल मी लिहिते.

जमिनीपासून छातीच्या उंचीवर खोडाचा घेर ६० सेंमी किंवा जास्त हवा. आपल्याकडे आंबा, चिंच, कडुनिंब, जांभूळ, साग ही भरवशाची. शेवगा, पपई, गुलमोहर, पळस यांना बांधू नका. लाकूड ठिसूळ किंवा खोड वेडंवाकडं. निलगिरीचं खोड भक्कम असतं, पण तिच्या फांद्या वारा नसतानाही गळतात. बाभूळ आणि काटेसावर काट्यांमुळे बाद.

खोड ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, बुंध्याशी अळंबी दिसली किंवा भुसा पडलेला दिसला की दुसरं झाड. मग मान वर करून पूर्ण शेंडा बघा, दोन्ही झाडांचा आणि शेजारच्यांचाही. अडकलेली वाळकी फांदी दिसली तर ती जागा सोडा. त्याच नजरेत आग्या मोहोळ आहे का तेही बघून घ्या. पोळं असलेल्या झाडाच्या आसपास धूर करणं, टॉर्च मारणं हे प्रकार जिवावर बेततात.

सर्वात कळकळीने सांगायचं ते हे: फार्महाऊसवरच्या एकट्या उभ्या विटांच्या खांबाला, फाटकाच्या खांबाला किंवा कंपाउंडच्या भिंतीला हॅमॉक कधीही बांधू नका. वीटकाम वरून येणारा भार पेलतं, आडवी ओढ पेलत नाही. खांब कोसळतो तो थेट झोपलेल्याच्या अंगावर. लहान मुलं दोघं-तिघं मिळून झोके घेतात तेव्हा हा धोका सगळ्यात जास्त.

बांधून झाल्यावर आधी हातांनी दाबा, मग बसा, मग झोपा. हॅमॉकखाली दगड, खुंट काही नको.

हिंगणा_नाका

पानगळ ताई, सागवान भाऊ, मनापासून आभार. कळमेश्वरकडे ओळखीच्यांची संत्र्याची बाग आहे, रात्री राहायला त्यांची हरकत नाही. झाडं एका ओळीत, अंतर ६ मीटर. तिथे जमेल का?

पानगळ

संत्र्याला नाही. खोड बारीक, फांद्या कमरेपासूनच फुटलेल्या, आणि मुळं वरच्या थरात पसरलेली. वर्षानुवर्षं जपलेलं झाड एका रात्रीत हललं तर मालकाचं बहार धरण्याचं गणित बिघडतं. त्याच बागेच्या बांधावर आंब्याची, कडुनिंबाची मोठी झाडं असतात, ती विचारा. विहिरीजवळची जोडी मात्र नको, रात्री उठताना पाय कुठे पडेल याची खात्री नसते. बागेत फवारणी कधी झाली तेही मालकाला विचारून घ्या.

रातकिडा

थंडीचं कारण साधं आहे. ऊब देते ती कापडात अडकलेली हवा. अंगाखाली चादर किंवा स्लीपिंग बॅग दबली की ती हवा निघून जाते, आणि हॅमॉकला तर खालूनही वारा लागतो. म्हणून आत कितीही अंथरलं तरी पाठ गारच. नागपूरची थंडी हलक्यात घेऊ नका, २९ डिसेंबर २०१८ ला शहरात ३.५ अंश नोंदलं गेलं होतं. उघड्या शेतात आणि तलावाकाठी पारा शहराहून खाली असतो.

स्वस्त उपाय: ८-१० मिमी जाडीची फोमची मॅट हॅमॉकच्या आत. ती दबत नाही. पण नेहमीची मॅट ५०-६० सेंमी रुंद असते आणि खांदे बाहेर राहतात, म्हणून दुसऱ्या मॅटचे तुकडे कापून खांद्यांपाशी आडवे लावा.

चांगला उपाय म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून, खाली टांगायची दुलई. रजई भरून देणाऱ्याकडून करून घेता येते: २०० बाय १३० सेंमी, हलकं नायलॉनचं आवरण, आत पॉलिएस्टरचं भरण. कापूस नको; जड होतो, लोंबतो आणि मध्ये फट पडते. फट पडली की दुलई असून नसल्यासारखी. दोन्ही लांब कडांना नेफा शिवून त्यातून लवचीक दोरी घाला आणि ती हॅमॉकच्या टोकांना अडकवा. दुलई पाठीला हलकी टेकली पाहिजे, दाबली गेली नाही पाहिजे. आखूड कडांनाही नाडी घालून टोकं चुणा, नाहीतर तिथून वारा शिरतो.

डास एकेरी नायलॉनमधून खालून चावतात, ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. मॅट किंवा दुलई असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर मच्छरदाणी संपूर्ण हॅमॉकभोवती नळीसारखी हवी, वरून टाकलेली पुरत नाही.

दवासाठी वर ताडपत्री लागतेच. ३ बाय ३ मीटरची असेल तर ती कर्णरेषेवर टांगा. कर्ण ४.२४ मीटर भरतो, २७४ सेंमीच्या रिजलाइनच्या दोन्ही बाजूंना ७५ सेंमी जास्तीचं छप्पर मिळतं. तीच सरळ टांगली तर जेमतेम १३ सेंमी उरतात. आणखी एक: प्रत्येक पट्ट्याला, झाड आणि हॅमॉकच्या मध्ये, वीतभर सुती दोरा बांधून लोंबता सोडा. खोडावरून पट्ट्यावर आलेलं पाणी त्या दोऱ्यावरून टपकतं, अंथरुणात येत नाही.

मार्चनंतर वादळाचे दिवस. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबायचं नाही, सरळ गाडीत किंवा पक्क्या घरात. पाऊस आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने गवतात बसणं, कपडे गवतावर वाळत टाकणं टाळा. स्क्रब टायफस नावाचा ताप पसरवणारे बारीक किडे तिथेच असतात, आणि २०१८ मध्ये विदर्भात त्याची साथ येऊन गेली आहे.

सातपुडा_पायवाट

जागेबद्दल आधी नियम. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं कलम २७ तेच सांगतं. राखीव वनात घुसणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. म्हणजे पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर इथे मनात आलं आणि झाडाला हॅमॉक बांधला असं होत नाही. गोरेवाडा, अंबाझरीलाही रात्र नाही.

बफरमधल्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावाशेजारचं खाजगी शेत कायद्यात बसतं, पण शहाणपणात बसतंच असं नाही. वाघाला हद्द कळत नाही. २०१९ मध्ये तो नागपूर विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक परिसरापर्यंत आला होता. जमिनीपासून दीड फुटावर झोपलेला माणूस बिबट्यालाही उंच नाही. त्यामुळे पेंच भागात मुक्काम कुंपण आणि राखण असलेल्या ठिकाणीच, मालकाला आधी फोन करून, “तुमच्या आवारात हॅमॉक लावू देता का, झाडं किती अंतरावर आहेत” असं स्पष्ट विचारून. खिंडसी तलावाकडे आणि सिल्लारीच्या रस्त्यावर असा शोध घेता येईल. मोहफुलं पडायच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, मोहाखाली थांबू नका. तिथे अस्वलं येतात.

एक फायदा मात्र खरा: मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, हॅमॉकमध्ये तो धोका पुष्कळ कमी. बूट जमिनीवर ठेवू नका, रिजलाइनला उलटे टांगा. टॉर्च उशाशी, उतरण्याआधी खाली उजेड टाकायचा. चूल पेटवायची तर फक्त मालकाने दाखवलेल्या जागी. उन्हाळ्यात अजिबात नाही, वणवा लागतो.

सोबत्यांचं म्हणाल तर “हॅमॉकवाले” म्हणून शोधू नका, फार कमी सापडतील. रविवारी सकाळी अंबाझरी, गोरेवाडा परिसरात पक्षी पाहणारे आणि सायकलवाले भेटतात, त्यांच्यातलेच निम्मे बाहेर झोपायला तयार असतात. पेंच जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेली, तारे पाहण्याजोगी जागा) झालं, तेव्हापासून अमावस्येच्या आसपास आकाश पाहायला जाणारे गट तयार झाले आहेत. वन विभाग बुद्ध पौर्णिमेला मचाणावरचा निसर्गानुभव घेतो, तिथे तर रात्रभर शांत बसू शकणारीच माणसं येतात. तीच माणसं हवीत.

पहिल्याच भेटीत मुक्काम ठेवू नका. चार ते सहा जण, एका शेतावर, सकाळी ८ ते दुपारी ३. सगळ्यांनी आपापला हॅमॉक बांधायचा, एकमेकांचे पट्टे तपासायचे, तासभर झोपून पाहायचं. कोण वेळ पाळतो, कोण मोठ्याने गाणी लावतो, कोण कचरा परत नेतो ते तिथेच कळतं. रात्र नंतर.

पानगळ

याला जोडून, गटात येणाऱ्या मुलींसाठी. जागेचा नेमका नकाशा, मालकाचा नंबर आणि सोबत्यांची नावं घरी देऊन ठेवा. गटात निदान दोघी असाव्यात, आणि परतीचं वाहन आपल्या हातात असावं. हॅमॉक एकमेकांपासून हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, पण दोन हॅमॉक एकाच झाडाला एकाच बाजूने नकोत, एक हलला की दुसराही हलतो. फोनला रेंज कुठे येते ते उजेडातच शोधून ठेवा. तातडीच्या मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, वन विभागाला १९२६.

हिंगणा_नाका

पट्टे आणि हुक या आठवड्यात घेतो, हॅमॉक ३३० चाच घेईन. बागमालकांना बांधावरच्या आंब्यांचं विचारलं: दोन झाडं, अंतर ४ मीटर २० सेंमी, घेर एकाचा ११०, दुसऱ्याचा ९५. शेंड्यात वाळकी फांदी एका झाडावर आहे, ती ते आधी उतरवून घेणार आहेत. दुसऱ्या रविवारी दिवसाची भेट ठेवू या का? चार जणांची जागा आहे, इथेच कळवा.

रातकिडा

मी येतो. जास्तीची मॅट आणि कापायला सुरी आणतो. ४ मीटर २० ला पट्टा १७० सेंमीच्या आसपास बांधून सुरुवात करा, मग बसून पाहून वर-खाली करू.

सागवान_४४

माझंही नाव धरा. मोजपट्टी घेऊन येतो.