मदत हवी आहे: एस्टीमच्या सुपरचार्जरचं ब्रॅकेट पीळ खातंय

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा. १३०० सीसीच्या जुन्या मारुती एस्टीमवर एएमआर ५०० सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा, बेल्टवर फिरणारा पंप) बसवतोय. एसीचा कॉम्प्रेसर काढून त्याच्याच बोल्टांवर ८ मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटचं ब्रॅकेट घरी वेल्डिंग करून केलं. पण ४००० आरपीएमच्या वर बेल्ट उडतो.

बेल्ट नवा आहे, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही बदलला. पट्टी लावून पाहिलं तर बेल्ट सैल असताना पुल्या एका रेषेत असतात, ताण दिला की सुपरचार्जर पुढून साधारण २ मिमी झुकतो. त्रिकोणी आधार मारला, तर वेल्डिंगच्या उष्णतेनं ब्रॅकेटची इंजिनवर बसायची बाजूच वाकली. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मिलिंग करून सपाट करून घेतली. फरक अगदी थोडा.

इंजिनच्या ब्लॉकला नवीन भोक पाडायचं नाही. मग सरळ १२ मिमी प्लेट घेऊ, की पुलीजवळून इंजिनच्याच दुसऱ्या बोल्टाला आधाराचा रॉड देऊ? रॉड दिला तर नेमका कुठल्या बोल्टाला?