घर विकताना ठिकाणाचा काय परिणाम झाला? ठाणे आणि नवी मुंबईतील अनुभव

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ज्यांनी आपले घर विकले आहे, त्यांनी आपला अनुभव इथे जरूर लिहावा. गिऱ्हाईक नेमके कशावर अडले आणि कशामुळे तयार झाले, हे सांगितल्यास पुढे विकणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग होईल. सुरुवात मी करतो; त्याखाली इतरांनी लिहिलेले अनुभव आहेत.

कासारवडवली, घोडबंदर रस्ता
रविवारी सकाळी घर पाहायला येणाऱ्यांना येऊरचे डोंगर आणि मोकळी हवा फार आवडत असे; परंतु तीच मंडळी आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी ठाणे स्थानकावरून पुन्हा आली, की मेट्रोच्या कामामुळे खोळंबलेली वाहने पाहून त्यांचे फोन बंद होत. एका कुटुंबातील आजींनी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला आणि तिथून थेट खाली जाऊन पहारेकऱ्याकडे टँकरची वही मागितली. त्यानंतर मी सोसायटीचा पाण्यावरील खर्च प्रत्येकाला आधीच दाखवू लागलो. येणारे कमी झाले, पण जे आले ते व्यवहाराचे बोलू लागले. अखेर घर घेतले ते मीरा रोडला नोकरी असलेल्या जोडप्याने, कारण त्यांना रोज ठाणे स्थानक गाठायचेच नव्हते.

घणसोली
आमची इमारत गावठाणातली, स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पसंती लगेच मिळे आणि टोकनपर्यंत गोष्ट जाई. मग बँकेचा वकील भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहण्यासाठीची पालिकेची परवानगी, मागे, ते नसल्यामुळे कर्ज नामंजूर होई आणि बोलणी तिथेच संपत. रस्त्यापलीकडे सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भूखंडांवरील घरे आहेत. ती जमीन भाडेपट्ट्याची असल्याने विक्रीच्या वेळी सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते, तरीही त्यांना कर्ज मिळत असल्यामुळे भाव आमच्यापेक्षा बराच अधिक मिळतो. बाजार तोच, शाळा त्याच, स्थानकही तेच. आम्हाला मात्र कर्जाविना सगळी रक्कम उभी करू शकणाऱ्याचीच वाट पाहावी लागली आणि असा माणूस भाव पाडूनच मागतो. वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने पैसे भरून घेतलेल्या घराची ही किंमत ऐकताना आईला फार वाईट वाटले.

नौपाडा
लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही, तरी घर लवकर गेले. घेणाऱ्याने खोल्या वरवर पाहिल्या आणि गल्लीची रुंदी मात्र टेप धरून मोजली, कारण पुनर्विकासात किती बांधकाम मिळेल हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्यावर ठरते.

उलवे
नोव्हेंबर २०१८ मध्ये उलव्याच्या खारकोपर स्थानकापर्यंत लोकल आली, जानेवारी २०२४ मध्ये ती उरणपर्यंत गेली आणि त्याच महिन्यात अटल सेतू खुला झाला. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. अशा प्रत्येक बातमीबरोबर विकणाऱ्यांची अपेक्षा वाढत गेली, पण गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली रिकामी घरेही त्याच सुमारास विक्रीला निघाली. एकाच इमारतीत सारख्याच मापाचे अनेक फ्लॅट उपलब्ध असतील तर गिऱ्हाईक सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याकडे जाते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. आमच्या घराला वरचे दोन पैसे मिळाले ते केवळ आम्ही तिथे राहत होतो म्हणून: शेजार, पाणी आणि रात्री स्थानकावरून मिळणारी रिक्षा यांबद्दल खात्रीने सांगता आले.

वाशी, नाल्यालगतची इमारत
वरील अनुभवांत एक भर घालते. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर संपूर्ण विभागासाठी असतो. आमच्या खिडकीखाली नाला आहे, हे त्यात कुठेच धरलेले नसते. बाजारात त्याहून कमी रक्कम मिळाली तरी मुद्रांक शुल्क दोहोंपैकी अधिक मूल्यावर भरावे लागते, आणि फरक दहा टक्क्यांपलीकडे गेल्यास विकणाऱ्याचा भांडवली नफाही रेकनरच्याच मूल्यावर मोजला जातो. म्हणून अशा जागी घर असणाऱ्यांनी भाव ठरवण्याआधी सनदी लेखापालाकडून हा हिशेब करून घ्यावा.